अक्कांची औषधं निवडताना

“ताकदीचं कायतरी द्या की.”

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत औषधाचं दुकान चालवताना हे वाक्य मी जितकं ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नाही. हातात डॉक्टरांची चिठ्ठी नाही, अंगात ताप नाही. काय होतंय विचारलं तर उत्तर ठरलेलं, “गळल्यागत वाटतंय.” मग मी विचारायचो, झोप किती होते, जेवणात काय असतं, उन्हात फिरणं होतं का. निम्मी गिऱ्हाईकं एवढ्यावरच वैतागायची. एकजण तर म्हणाला, “पावणं, तुम्ही औषध इकताय का पोरगी बघायला आलाय?”

बाहेरच्या माणसाला वाटतं, जीवनसत्त्वाची गोळी म्हणजे लिमलेटची गोळी. घेतली तर घेतली, नाही तर नाही. तसं नसतं. ब आणि क ही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं. जास्त झाली तर बहुतेक लघवीवाटे निघून जातात. ब ची गोळी घेतली की लघवी पिवळीजर्द होते आणि लोक खूश होऊन सांगायला येतात, “लागू पडलं बघा!” खरं तर ते औषध बाहेर चाललेलं असतं. अ आणि ड यांचं उलट. ती चरबीत साठून राहतात, जास्त झाली तर त्यांना सहज बाहेर पडायला वाट नाही. कॉड लिव्हर ऑईलमध्ये नेमकी हीच दोन असतात. कॉड हा थंड समुद्रातला मासा. त्याच्या यकृतातून, म्हणजे बकऱ्याच्या बाबतीत आपण ज्याला कलेजी म्हणतो त्या अवयवातून, हे तेल काढतात. आपल्याकडे ते बहुतेक पिवळ्या पारदर्शक गोळ्यांत मिळतं. दुकानात त्यापेक्षा देखणी वस्तू दुसरी नव्हती.

पेठेतल्या एका फुटबॉल संघाच्या कप्तानानं एकदा या गोळ्यांची अख्खी बरणी नेली. रोज एक घ्यायची असं मी दोनदा सांगितलं. पोरांनी सामन्याच्या सकाळी मूठमूठ खाल्ल्या. संध्याकाळी कप्तान दुकानात आला तो हरूनच. “अण्णा, दम वाढायचा ऱ्हायला, ढेकराच वाढल्या. आमच्या तोंडाचा वास घेऊन समोरची पोरं पळायची, तरी गोल त्यांचाच!” आणखी एक गृहस्थ ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी, जी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, ती रोज दुधातून प्यायचे. मी हादरलोच. त्यांचं म्हणणं, “आठवड्याला एक कशी? भाकरी काय आठवड्याला एकच खातो व्हय मी?” त्यांना तिथूनच रक्त तपासायला धाडलं. कॅल्शियम वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी पुड्या बंद केल्या आणि गृहस्थ सावरले.

अशी माणसं पुष्कळ आठवतात. पण गेल्या चैत्रात दुकान दुसऱ्याला देऊन टाकल्यापासून दुपारी घरात बसलो की डोळ्यांसमोर येतात त्या अक्काच.

अक्का जवळच्या गडमुडशिंगी गावच्या. जैन शेतकरी घराणं, चार म्हशी, ऊस, आणि घरात आता एकट्या त्याच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा सन्मती इथल्या फौंड्रीत धातूचं काम शिकला आणि ते शिकता शिकता पार नॉर्वेच्या वरच्या टोकाला, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका गोदीत जाऊन पोचला. अक्कांच्या डॉक्टर कोल्हापुरात, त्यामुळे औषधं माझ्याकडून.

दरवर्षी आषाढात, चातुर्मास लागायच्या आधी, अक्का स्टीलच्या डब्यात घरातली सगळी औषधं भरून आणायच्या आणि काउंटरवर ओतायच्या. “दादा, निवडून द्या.”

तांदूळ निवडतात तशी मी औषधं निवडायचो. त्यांना चालणारी एकीकडे, न चालणारी दुसरीकडे. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. खाण्याच्या पाकिटावर हिरवा किंवा तपकिरी ठिपका असतो, तसा औषधावर नसतो. आतलं औषध निर्दोष असलं तरी कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. मग त्याच औषधाची साधी गोळी मिळते का पाहायचं, डॉक्टरांना फोन करून विचारायचं, कंपनीला विचारायचं. खात्री झाली नाही तर मी सरळ सांगायचो की माहीत नाही. ती गोळी न चालणाऱ्यांत जायची आणि तिच्या जागी काय, ते डॉक्टर ठरवायच्या.

एकदा मी त्यांना सांगितलं की ड जीवनसत्त्वाची पुडी बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या तेलकटीपासून करतात. अक्का विचारात पडल्या. “मेंढी मारत्यात काय?”

“न्हाय. कातरत्यात.”

“मग आमच्याकडं धनगर कातरतोय तसंच की. चालतंय.”

“अळंबीपासून केलेलीबी मिळते.”

“अळंबी? नको बाई, ती आमच्यात चालत न्हाय. त्यापरास मेंढी बरी.”

निवडून झालं की चालणारी औषधं डब्यात भरायच्या आणि म्हणायच्या, “तुम्ही निवडलं की मी डोळं झाकून घेते.” मग बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जाऊन चार महिन्यांचा नियम घ्यायच्या. माझ्या शब्दावर त्यांचा नियम उभा होता. दुकानदारीत यापेक्षा मोठी जबाबदारी माझ्यावर कुणी टाकली नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात डब्याबरोबर एक काळपट काचेची बाटली आली. तिचं लेबल काढून टाकलेलं होतं. ओरबाडून नव्हे, पाण्यात भिजवून, डिंकसुद्धा राहू न देता.

“सन्मतीनं धाडलंय,” अक्का कौतुकानं म्हणाल्या. “त्याचा मित्र आलता शिमग्यात, त्याच्याबरोबर. हाडाचं टॉनिक हाय. रोज सकाळी देवपूजा झाली की एक चमचा घेते. पयलं उठताना भिंत धरायला लागायची, आता न्हाय लागत. संपत आलंय, असलंच इथं मिळतंय काय बघा. आणि निवडूनबी द्या.”

“वास कसा हाय?”

“उग्र हाय जरा. लिंबाचा आणि आणिक कशाचा तरी. पण औषध म्हटल्यावर वास आलाच की.”

मी बूच उघडलं आणि नाकाजवळ नेलं. लिंबाच्या वासाखालून तो वास आलाच. मला ओळखायला क्षणही लागला नाही. मी लहानपणी सतत खोकायचो. थंडी सुरू झाली की आई मला दोन गुडघ्यांत धरायची, एका हातानं नाक दाबायची आणि दुसऱ्या हातानं हे तेल तोंडात घालायची. वर गुळाचा खडा. मी रडायचो, तीही हसता हसता रडकुंडीला यायची. आईला जाऊन फार काळ लोटला. तिचा आवाजही आता नीट आठवत नाही. पण त्या बुचातून तिचे गार हात थेट माझ्या नाकाशी आले.

अक्कांना मात्र हा वास कळण्याचं कारणच नव्हतं. मासळी बाजारावरून जाताना जी बाई जन्मभर नाकाला पदर लावून गेली, तिला माशाचा वास ओळखायचा कसा? त्यांच्या नाकाला त्या वासाचं नावच ठाऊक नव्हतं. देवपूजा करून उठणाऱ्या बाईच्या पोटात रोज माशाचं तेल जात होतं, आणि ते धाडणाऱ्याला हे ठाऊक होतं. नाहीतर लेबल इतकं जपून कोण काढतं?

मी बूच लावलं. ‘चालतं’ म्हणालो तर अक्का याच बाटलीवर नियम घेणार. ‘चालत नाही’ म्हणालो तर का ते सांगावं लागणार, आणि मग हजारो मैलांवरचं ते एकुलतं पोर आणि ही आई यांच्यात काय उरणार?

“अक्का, ह्याच्यावर लेबल न्हाय,” मी म्हणालो.

“लेबल न्हाय म्हणून तर तुमच्याकडं आणलं. लेबल असतं तर पोस्टमननं वाचून दिलं असतं.”

मी बाटली हातात फिरवत राहिलो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. औषधं निवडताना मी कधी इतका वेळ घेत नसे, हे त्यांना माहीत होतं.

“थांबा. त्यालाच इचारू,” त्या म्हणाल्या आणि मोबाईल काढून व्हिडिओ कॉल लावला.

सन्मती लगेच दिसला. पस्तिशीचा, दाढी राखलेली. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. अक्का मला म्हणाल्या, “बघा, ह्याच्याकडं आता रात्रीपण सूर्य मावळत न्हाय.” मग त्याला म्हणाल्या, “आरं सन्मती, त्या बाटलीत काय हाय ते ह्या दादांना सांग. निवडायला बसलोय.”

त्यानं मला पाहिलं, मग माझ्या हातातली बाटली पाहिली. “तेल आहे काका. हाडांसाठी.”

“कशाचं तेल?” मी विचारलं. माझं एवढंच काम होतं.

फोनमध्ये काहीतरी बिघडलं असं वाटून अक्कांनी पडदा पदरानं पुसला. “दिसतोय की. बोल की रं.”

“आई, माशाचं आहे.”

अक्कांनी बाटलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. ज्या हातानं चमचा धरला असेल तो हात त्यांनी पदरात घेतला.

“तुला ठावं हुतं?”

“होय.”

“आणि तू?”

“मीपण घेतो. रोज. इथं सगळेच घेतात, लहान पोरंसुद्धा. पहिल्या वर्षी नाही म्हणालो, दुसऱ्या वर्षी नाही म्हणालो. मग पाय इतके दुखायला लागले की जिना चढवेना. मन लागेना. कामावर नुसता बसून राहायचो. रक्त तपासलं, तर ड जवळजवळ नाहीच. डॉक्टर म्हणाली घे.” तो भराभर बोलत होता, थांबलं तर पुढचं बोलता येणार नाही असा. “तुझे गुडघे दुखतात म्हणालीस. मी रोज सकाळी चमचा घेताना तुझी आठवण यायची. वाटलं, तूपण तोच घ्यावास. चुकलं माझं.”

माझ्याकडे शेल्फवर लोकरीपासून केलेली पुडी होती. अळंबीपासून केलेली गोळी होती. या पोरानं नुसतं विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. पण त्याला पुडी पाठवायची नव्हतीच, त्याचा तो चमचा पाठवायचा होता. हे कळल्यावर शेल्फवरची पुडी मी तिथंच राहू दिली.

अक्का रागावतील असं वाटलं होतं. त्यांचं लक्ष भलत्याच गोष्टीवर अडकलं होतं. “ड म्हंजी उन्हाचं न्हवं? दादा सांगत्यात नेहमी. आणि तुझ्याकडं तर ऊन मावळत न्हाय.”

“आत्ता नाही मावळत. थंडीत उगवत नाही. दोन महिने सूर्य वरच येत नाही, आई. दुपारी जरा निळसर होतं, मग पुन्हा अंधार.”

हे त्यानं तिला कधीच सांगितलं नव्हतं. तो गेल्यापासून कितीतरी हिवाळे आले आणि गेले. दर वेळी तो फोनवर थंडी आहे, बर्फ आहे एवढंच सांगत आला.

अक्का हळूच म्हणाल्या, “दोन म्हयनं सूर्य न्हाय?” जैनांनी सूर्य मावळल्यावर खायचं नसतं. त्यांच्या घरात संध्याकाळी साडेपाचनंतर चूल पेटलेली कुणी पाहिली नव्हती. “मग तू जेवतोस कवा?”

सन्मतीनं चेहरा बाजूला वळवला. खिडकीतलं ते न मावळणारं ऊन त्याच्या कानावर पडलं होतं. मग “आई, कामाला उशीर होतोय” म्हणून त्यानं फोन ठेवला.

अक्का स्टुलावर बसून राहिल्या. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, “हे चार म्हयनं तेल सोडीन मी. तेलातनं पाप आलं, तेलच सोडायचं.” आणि खरोखरच त्या चातुर्मासात त्यांनी तेलाचा थेंब खाल्ला नाही. वांग्याची भाजी पाण्यात शिजवली, चटणीवर नुसतं मीठ. गुडघ्यासाठी डॉक्टरांना विचारून मी लोकरीवाली पुडी दिली.

बाटली त्या घरी नेईनात. टाकूनही देववेना. “तुमच्यात चालतंय न्हवं? मग तुम्ही घ्या. लेकराच्या कमाईचं हाय, मोरीत वतू नका.” उघडलेलं औषध दुसऱ्यानं घेऊ नये असं मी जन्मभर लोकांना सांगत आलो. त्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नसताना एक चमचा घेतला. नाक दाबायला कुणी नव्हतं. गुळाचा खडाही नव्हता.

माझी मुलगी बंगळूरला असते. सकाळी कसल्या कसल्या गोळ्या घेते, अस्वलाच्या आकाराच्या, गोड. मोबाईलवरून मागवते, घरी येतात. कोणत्या घेतेस, किती युनिटच्या, असं मी विचारलं तर म्हणते, “बाबा, सगळं लिहिलेलं असतं त्यावर.” असतं, हे मलाही माहीत आहे. ती एकदा तरी फोटो पाठवून विचारेल, ‘निवडून द्या’ म्हणेल, याची मी अजून वाट पाहतो.

तर अक्का. चातुर्मास संपल्यावर त्या आल्या त्या मनाशी काहीतरी ठरवूनच. “दादा, तुम्ही हिशेबाला पक्कं. माझ्याकडं सूर्य मावळतो तवा त्याच्याकडं किती वाजत्यात?”

थंडीत दोन्हीकडच्या घड्याळांत साडेचार तासांचा फरक. मी कागद न घेताच सांगितलं. “तुमच्याकडं सहा, तर त्याच्याकडं दीड.”

“रात्री का दुपारी?”

“दुपारी.”

“म्हंजी त्याचं दुपारचं जेवाण माझ्या उन्हात बसतंय.”

“बसतंय. रात्रीचं न्हाय बसत.”

“रात्रीचं मी इचारणारच न्हाय,” अक्का म्हणाल्या.

त्या थंडीपासून त्यांनी तसंच सुरू केलं. त्यांचं संध्याकाळचं जेवण साडेचार-पाचला, ते त्याचं दुपारचं जेवण. फोन लावायचा, समोर ताट घ्यायचं आणि त्याला सांगायचं, माझं ऊन आहे तोवर तू जेव. शास्त्रात हे बसतं का, मला माहीत नाही. अक्कांनी बस्तीत विचारलं नाही. मीही विचारायला सुचवलं नाही.

पौषात एकदा त्या पुड्या न्यायला आल्या आणि बस चुकली. जेवायची वेळ झाली तेव्हा त्या माझ्याच दुकानात होत्या. पिशवीतून दशम्या काढल्या, स्टुलावर बसल्या आणि फोन लावला.

सन्मतीच्या खिडकीबाहेर शाईसारखं निळं होतं. खोलीत दिवा लावलेला. त्याच्यापुढे ताट होतं, पण तो जेवत नव्हता. थकलेला चेहरा, वाढलेली दाढी, सुजलेले डोळे.

“जेव की.”

“नको वाटतंय, आई.”

“का?”

“काही नाही. रोजच रात्र. कालपण रात्र, उद्यापण रात्र.” मग म्हणाला, “परत यावंसं वाटतं.”

“ये की.”

“करार आहे पुढच्या वर्षीपर्यंत.”

अक्कांनी दशमी पिशवीवर ठेवली, उठल्या आणि दुकानाच्या पायरीवर गेल्या. माझ्या दुकानाचं तोंड पश्चिमेला. उन्हाळ्यात त्या उन्हानं औषधं तापतात म्हणून मी पडदा लावायचो, पण पौषात तो गुंडाळलेलाच असे. समोरच्या घरांच्या मधल्या फटीतून सूर्य सरळ पायरीवर येत होता. अक्कांनी फोन उलटा केला आणि त्या सूर्यासमोर धरला.

“दिसतोय?”

“दिसतोय.”

“अजून वर हाय. जेव.”

पलीकडून ताट सरकल्याचा आवाज आला. मग घास चावल्याचा.

“आई.”

“काय?”

“तसाच धर जरा.”

त्या तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पायरीशी येऊन थांबलं आणि हसून म्हणालं, “काय शूटिंग चाललंय काय वो? मला ताकदीचं कायतरी द्या.”

मी म्हणालो, “देतो. पर पावणं, पयलं जरा बाजूला व्हा. तिथं जेवाण चाललंय, ऊन अडतंय.”